योना आणि मासा: लहानपणी अर्ध्यावर सोडलेली बायबलमधली गोष्ट माफीबद्दल काय सांगते?

संडे स्कूलला किंवा मिशनरी शाळेत गेलेल्यांना ही गोष्ट पाठ असते. बाकीच्यांनीही ती कुठल्या ना कुठल्या चित्रांच्या पुस्तकात पाहिलेली असते. देव योना नावाच्या माणसाला एक काम सांगतो. तो काम टाळून जहाजात बसून पळतो. समुद्रात वादळ येतं, एक भलामोठा मासा त्याला गिळतो, तीन दिवस तीन रात्री पोटात ठेवतो आणि मग किनाऱ्यावर ओकून टाकतो. योना सुधारतो, सांगितलेलं काम करतो. गोष्ट संपली, टाळ्या.

पण गोष्ट इथं संपत नाही. बायबलच्या जुन्या करारातलं योनाचं पुस्तक अगदी छोटं आहे. चार अध्याय आणि ४८ वचनं, चहा संपेपर्यंत वाचून होतं. त्या ४८ वचनांपैकी मासा येतो तो फक्त तीन वचनांत. लहान मुलांना सांगताना बहुतेक वेळा चौथा अध्याय गाळला जातो किंवा दोन वाक्यांत उरकला जातो. कारण सरळ आहे. त्या अध्यायात गोष्टीचा नायक चिडलेला आहे, देवाशी भांडतोय, मरण मागतोय, आणि त्याच्या चिडण्याचं कारण मुलांना समजावणं कठीण आहे. त्याचा राग यासाठी आहे की वाईट माणसं सुधारली आणि देवाने त्यांना माफ केलं.

म्हणजे उद्धाराची खरी गोष्ट माशाच्या पोटाबाहेर सुरू होते. ती नेमकी काय आहे, ते बघूया.

आधी पूर्ण गोष्ट

योना हा अमित्तयचा मुलगा आणि संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप लोकांपर्यंत पोहोचवणारा माणूस. हिब्रूत 'योना' म्हणजे कबुतर. देव त्याला सांगतो की निनवे शहरात जा आणि तिथल्या लोकांना त्यांच्या दुष्टपणाबद्दल बजाव. निनवे पूर्वेला, तैग्रिस नदीच्या काठी, आजच्या इराकमधल्या मोसुल शहराच्या समोर. योना काय करतो? तो बरोबर उलट्या दिशेला जातो. यापो बंदरातून (आजचं याफा, तेल अविवला लागून असलेलं) तो तार्शीशला जाणारं जहाज पकडतो. तार्शीश नेमकं कुठं यावर वाद आहेत. अनेक अभ्यासक ते स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर असावं असं मानतात. त्या काळच्या माणसाच्या नकाशावर ते जगाचं पश्चिम टोक होतं.

वादळ उठतं तेव्हा खलाशी आपापल्या देवांचा धावा करतात, माल समुद्रात फेकून जहाज हलकं करतात. योना मात्र खाली गाढ झोपलेला. चिठ्ठ्या टाकल्यावर त्याचं नाव निघतं. तो कबूल करतो की हे सगळं माझ्यामुळे झालंय, मला समुद्रात टाका. आता इथली एक बारीक गोष्ट बघण्यासारखी आहे. खलाशी त्याला लगेच टाकत नाहीत. एका अनोळखी प्रवाशाचा जीव वाचवण्यासाठी ते आधी जीव तोडून वल्ही मारतात. दुसरे देव मानणारी ही माणसं देवाच्या संदेष्ट्यापेक्षा चांगली वागतात, आणि हे पुस्तकच आपल्याला दाखवून देतं.

मग मासा येतो. मूळ हिब्रूत 'दाग गादोल' असे दोनच शब्द आहेत, अर्थ 'मोठा मासा'. देवमासा त्यात कुठंच नाही. ग्रीक भाषांतरात त्याचा समुद्री राक्षस झाला आणि पुढे इंग्रजीतून देवमासा रूढ झाला. माशाच्या पोटात योना प्रार्थना करतो आणि तिच्या शेवटी म्हणतो की तारण देवाच्या हातात आहे. (मराठी ख्रिस्ती परंपरेत उद्धारासाठी 'तारण' हा शब्द आहे. बँकेच्या मराठीत तोच शब्द गहाण ठेवलेल्या वस्तूसाठी वापरतात, ही आपल्या भाषेतली एक गंमत.) हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढं योनाला तेच गिळवणार नाही.

दुसऱ्यांदा आज्ञा झाल्यावर योना निनवेला जातो. तिथलं त्याचं प्रवचन हिब्रूत मोजून पाच शब्दांचं आहे: चाळीस दिवसांनी निनवेची उलथापालथ होईल, एवढाच मजकूर. सुधारा असं तो सांगत नाही, देव दयाळू आहे असंही सांगत नाही. तरीही राजापासून रंकापर्यंत सगळे उपास धरतात, गोणपाट नेसतात. राजा सिंहासन सोडून राखेत बसतो. गुराढोरांनाही गोणपाट घालून उपाशी ठेवा असं फर्मान निघतं. देव ते बघतो आणि शहराचा नाश रद्द करतो.

निनवे म्हणजे नेमकं कोण?

हे समजल्याशिवाय योनाचा राग समजत नाही. निनवे हे अश्शूर, म्हणजे असिरियन साम्राज्याचं मोठं शहर आणि पुढे राजधानी. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरने इस्राएलचं उत्तरेकडचं राज्य संपवलं आणि तिथल्या लोकांना दूरदूर नेऊन वसवलं. इ.स.पू. ७०१ मध्ये सन्हेरीब राजाने दक्षिणेच्या यहूदा राज्यावर स्वारी केली आणि लाखीश शहर पाडलं.

या विजयाची शिल्पं सन्हेरीबने निनवेतल्या आपल्या महालाच्या भिंतींवर कोरून घेतली होती. १९ व्या शतकात ऑस्टिन हेन्री लेयार्डच्या उत्खननात ती सापडली आणि आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. खांबांवर खुपसलेले कैदी, कातडी सोलली जाणारी माणसं, बैलगाडीवर बिऱ्हाड लादून निघालेली कुटुंबं, सगळं त्यात आहे. हे अश्शूरच्या शत्रूंनी केलेले आरोप नाहीत. राजाने स्वतः अभिमानाने करून घेतलेलं काम आहे.

आता तारखा जुळवून बघा. बायबलमध्येच दुसऱ्या एका ठिकाणी अमित्तयचा मुलगा योना याचा उल्लेख आहे. तो गथहेफेर या उत्तरेतल्या गावचा आणि काळ यराबाम दुसरा या राजाचा, म्हणजे इ.स.पू. आठव्या शतकाचा पूर्वार्ध. पुस्तक मात्र बरंच नंतर, बहुतेक अभ्यासकांच्या मते बाबेलच्या बंदिवासानंतर लिहिलं गेलं. म्हणजे ते पहिल्यांदा ऐकणाऱ्यांना पुढचं सगळं माहीत होतं. गोष्टीत माफ झालेल्या याच साम्राज्याने काही दशकांत योनाचं स्वतःचं राज्य पुसून टाकलं, हे त्यांना ठाऊक होतं. इ.स.पू. ६१२ मध्ये बाबिलोनी आणि मेदी फौजांनी निनवेही उद्ध्वस्त केलं, हेही. बायबलमध्ये नहूम नावाचं आणखी एक छोटं पुस्तक आहे. ते सगळं निनवेच्या विनाशाबद्दल आहे आणि त्याचा सूर उघड समाधानाचा आहे.

इतिहास म्हणून बघितलं तर अश्शूरच्या शिलालेखांत अख्ख्या निनवेने असा पश्चात्ताप केल्याची नोंद सापडलेली नाही. त्यामुळे अनेक अभ्यासक हे पुस्तक इतिहासापेक्षा बोधकथा किंवा उपहासकथा म्हणून वाचतात. गोणपाट नेसलेल्या गायी डोळ्यांसमोर आणल्या तर ते पटतंही. पण प्रश्न खोटा ठरत नाही. ज्यांच्या पूर्वजांना अश्शूरने देशोधडीला लावलं, त्यांना ही गोष्ट विचारते की तीच माणसं सुधारली तर तुम्हाला चालेल का?

'उलथापालथ' या शब्दातली मेख

योनाच्या पाच शब्दांतला शेवटचा शब्द आहे 'नेहपाखेत'. त्याचे दोन अर्थ होतात. एक, शहर उलथून पडेल. दुसरा, शहर पालटेल, बदलेल. अकराव्या शतकातले फ्रान्समधले प्रसिद्ध ज्यू भाष्यकार राशी यांनी हे दोन्ही अर्थ नोंदवले आहेत. योनाच्या मनात पहिला अर्थ होता, घडला दुसरा. त्यामुळे त्याचं भाकीत खोटं ठरलं की खरं, हे सांगता येत नाही.

हिब्रूत पश्चात्तापासाठी 'तशुवा' हा शब्द वापरतात. तो 'शुव' म्हणजे परत फिरणे या धातूपासून आला आहे. मनाला वाईट वाटणं हा त्याचा एक भाग झाला, पण मूळ कल्पना पायांशी जोडलेली आहे: चुकीच्या वाटेवरून मागे वळायचं. निनवेच्या राजाचं फर्मानही तेच म्हणतं, की प्रत्येकाने आपल्या वाईट मार्गावरून आणि आपल्या हातांतल्या हिंसेपासून वळावं.

या 'हातांतल्या हिंसे'वर नंतरच्या ज्यू पंडितांनी बराच खल केला. साधारण इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामध्ये दुष्काळातल्या उपासाचा विधी दिला आहे. त्यात वडीलधारा माणूस लोकांना निनवेची आठवण करून देतो आणि सांगतो की देवाने त्यांचं गोणपाट आणि उपास बघितला असं लिहिलेलं नाही, त्यांची कृती बघितली असं लिहिलंय. त्यावर बाबिलोनी तालमूद एक उदाहरण देतं. निनवेतल्या एखाद्याने चोरीची तुळई घरात बसवली असेल, तर अख्खा वाडा पाडून ती मूळ मालकाला परत केली गेली.

मला या सगळ्या परंपरेत हे उदाहरण सगळ्यात जास्त आवडतं, कारण ते हिशेबाचं आहे. नुसतं सॉरी म्हणून भागत नाही. चोरीच्या तुळईवर उभं राहिलेलं घर ठेवायचं आणि वर माफीही मागायची, असं चालणार नाही. ती तुळई काढताना डोक्यावरचं छप्पर जाणार, ही किंमत धरूनच परत फिरायचं आहे.

अर्थात सगळ्यांना निनवेचा एवढा भरवसा नव्हता. जेरुसलेम तालमूदमध्ये रेश लाकिश हे पंडित म्हणतात की निनवेचा पश्चात्ताप फसवा होता. तिथल्या लोकांनी वासरं आत आणि गायी बाहेर बांधल्या, दोन्हीकडून हंबरडा सुरू झाला, आणि देवाला त्यांनी सुनावलं की तू आमच्यावर दया केली नाहीस तर आम्हीही या जनावरांवर करणार नाही. म्हणजे हा जवळपास ब्लॅकमेलच. दीड हजार वर्षांहून जुन्या ग्रंथांत एकाच घटनेची इतकी परस्परविरोधी वाचनं जपून ठेवलेली आहेत.

चौथा अध्याय: रागावलेला योना आणि एरंडाचं झाड

शहर वाचल्यावर योना प्रचंड संतापतो आणि आपण मुळात का पळालो होतो ते पहिल्यांदा सांगतो. इतका वेळ वाचणाऱ्याला वाटत असतं की तो घाबरून पळाला असेल. अश्शूरच्या राजधानीत जाऊन धमकी द्यायची म्हणजे घाबरणं साहजिकच. पण योनाचं कारण वेगळं निघतं. देव दयाळू आहे, रागवायला उशीर करतो आणि शेवटी माफ करतो, हे मला आधीच माहीत होतं, म्हणून मी पळालो, असं तो देवाला सुनावतो. देवाचे हे गुण बायबलमध्ये इतरत्र स्तुती म्हणून येतात. योना तेच शब्द तक्रार म्हणून वापरतो. आणि मग म्हणतो, यापेक्षा मला मरण दे.

माशाच्या पोटात तारणाबद्दल बोलणारा माणूस तो हाच. स्वतःला हवं होतं तेव्हा तारण गोड होतं.

पण योनाला झटकून टाकण्याआधी थांबावंसं वाटतं. त्याच्याबाजूने बोलणारेही होऊन गेले. डॉन इसाक अबार्बानेल (१४३७-१५०८) या भाष्यकारांनी मांडलं की योना देवाची अवज्ञा करत होता तो आपल्या लोकांपायी. निनवे वाचलं तर उद्या तेच आपला देश बुडवणार, हे त्याला दिसत होतं. हे लिहिणारे अबार्बानेल स्वतः १४९२ मध्ये स्पेनमधून ज्यूंना हाकललं गेलं तेव्हा देशोधडीला लागलेले होते. हे माहीत असलं की त्यांचं वाचन वेगळं ऐकू येतं. ज्याचं घर जळालंय त्याला जाळणाऱ्याच्या मनपरिवर्तनाचा आनंद व्हावा, अशी अपेक्षा बाहेरच्याने करणं सोपं असतं.

पुढे योना शहराच्या पूर्वेला एक मांडव घालून बसतो. अजूनही काही होतंय का ते बघायला. देव त्याच्या डोक्यावर सावलीला एक झाड उगवतो. योना खूश होतो. अख्ख्या पुस्तकात त्याला आनंद झाल्याचं इथं एकदाच सांगितलंय. दुसऱ्या दिवशी पहाटे एक किडा झाडाला लागतो, झाड वाळतं, ऊन आणि पूर्वेचा झळाळता वारा सुटतो. योना पुन्हा मरण मागतो.

हे झाड कुठलं? हिब्रू शब्द 'किकायोन', बहुधा आपला एरंड. तो भराभर वाढतो आणि पानंही मोठी असतात. जुन्या भाषांतरांत मात्र भोपळ्याचा वेल होता. जेरोम यांनी लॅटिन भाषांतर करताना तिथं आयव्ही नावाची दुसरीच वेल घातली, तेव्हा उत्तर आफ्रिकेतल्या ओइया (आजचं त्रिपोली) शहरातल्या चर्चमध्ये लोकांनी गोंधळ घातला होता. संत ऑगस्टीन यांनी जेरोमना लिहिलेल्या पत्रात हा किस्सा आहे. लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टीतला एक शब्द बदलला तर लोक किती चिडतात, याचं हे बरंच जुनं उदाहरण म्हणायला हरकत नाही.

मग देव बोलतो. जे झाड तू लावलं नाहीस, वाढवलं नाहीस, एका रात्रीत आलं आणि एका रात्रीत गेलं, त्याची तुला हळहळ वाटते. मग ज्या शहरात उजवा हात कुठला आणि डावा कुठला हेही न कळणारी १,२०,००० हून जास्त माणसं आहेत, आणि एवढी गुरंढोरं आहेत, त्या निनवेची हळहळ मला वाटू नये का?

इथं पुस्तक संपतं, प्रश्नावरच. योना काय म्हणाला, घरी गेला का, त्याचा राग निवला का, काही लिहिलेलं नाही. उजवं-डावं न कळणारे म्हणजे काहींच्या मते लहान मुलं, तर काहींच्या मते बरंवाईट न उमजणारे सगळेच. आणि गुरांचा तो शेवटचा उल्लेख किती साधा आहे. साम्राज्य, पाप, न्याय असे मोठे शब्द बाजूला ठेवून देव योनाला शहरातली जित्राबं दाखवतो.

मग पीडितांचं काय?

या गोष्टीवरचा सगळ्यात वाजवी आक्षेप हाच आहे. निनवेला देवाने माफ केलं, पण ज्यांना निनवेने छळलं त्यांना कुणी विचारलं का? पुस्तकात उत्तर नाही. ते या पुस्तकाच्या शेजारी ठेवलेल्या एका नियमात सापडतं.

योनाचं पुस्तक ज्यू लोक योम किप्पूरच्या दिवशी दुपारच्या प्रार्थनेत वाचतात. योम किप्पूर म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, वर्षातला सगळ्यात पवित्र आणि कडक उपासाचा. याच दिवसाबद्दल मिश्नामध्ये स्पष्ट म्हटलंय की माणूस आणि देव यांच्यातली पापं या दिवशी फिटतात. माणसामाणसातली फिटत नाहीत, जोवर तुम्ही दुखावलेल्या माणसाकडे जाऊन त्याची समजूत घालत नाही. म्हणजे देवाच्या माफीची पावती दाखवून शेजाऱ्याचं देणं बुडवता येत नाही. गोष्ट आणि नियम एकत्र ठेवले की योनाच्या रागाला जागा राहते. आणि निनवेलाही तुळई घेऊन कुणाच्या तरी दारात जावंच लागतं.

हा दिवस महाराष्ट्रालाही परका नाही. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू पिढ्यान् पिढ्या तो पाळत आले. दारं बंद करून दिवसभर घरात उपास करायचा, म्हणून त्यांच्या जुन्या मराठी बोलीत या सणाला दारं बंद करण्यावरूनच नाव पडलं होतं. १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं, त्याचं नाव मात्र 'शाआर हाराहामीम', म्हणजे दयेचं दार.

एकच गोष्ट, तीन धर्म

कुराणात योना हे पैगंबर युनूस आहेत. दहाव्या सुरेचं नावच 'युनूस' आहे आणि त्यांना 'माशावाला' अशा अर्थाच्या नावानंही ओळखतात. तिथंही जहाज, चिठ्ठी, मासा, सावलीचं झाड आणि लाखाहून जास्त लोकांचं शहर आहे. पण झाडावरून झालेला वाद नाही. भर आहे तो माशाच्या पोटातल्या अंधारात केलेल्या प्रार्थनेवर. संकटात सापडलेले मुसलमान ती प्रार्थना आजही म्हणतात.

ख्रिस्ती परंपरेत येशूने योनाच्या तीन दिवसांची तुलना स्वतःच्या मृत्यू आणि पुनरुत्थानाशी केल्याचं मत्तयच्या शुभवर्तमानात येतं. त्यामुळे चर्चमध्ये माशाचं महत्त्व वाढलं. सिरियाक परंपरेतली चर्च मात्र निनवेच्या लोकांची आठवण ठेवून दरवर्षी मोठ्या उपवासकाळाच्या तीन आठवडे आधी तीन दिवसांचा उपास करतात. केरळमधले सीरियन ख्रिस्ती त्याला 'मून्नु नोयम्बु', म्हणजे 'तीन उपास' म्हणतात. कोट्टयम जिल्ह्यातल्या कुरविलंगाडच्या चर्चमध्ये या दिवसांत योनाच्या जहाजाची लाकडी प्रतिकृती खांद्यावर घेऊन मिरवणूक निघते आणि वादळात सापडल्यासारखी ती हेलकावत नेतात.

खुद्द निनवेत काय आहे? मोसुलमधल्या एका टेकडीवर नबी युनूस मशीद होती. योनाची कबर इथंच असल्याचं मानलं जायचं. तिथं मुसलमान जायचे, ख्रिस्तीही जायचे. जुलै २०१४ मध्ये इस्लामिक स्टेटने ती सुरुंग लावून उडवली. २०१७ च्या सुरुवातीला तो भाग परत मिळाल्यावर लक्षात आलं की त्यांनी मशिदीखाली बोगदे खणले होते. त्या बोगद्यांत पुरातत्त्वज्ञांना अश्शूरच्या राजवाड्याचे अवशेष आणि एसरहद्दोन राजाच्या काळातले लेख सापडले. एसरहद्दोन हा लाखीश पाडणाऱ्या सन्हेरीबचा मुलगा.

योम किप्पूरच्या वाचनात आणखी एक जोड असते. योनाचं पुस्तक प्रश्नावर संपतं, पण सिनेगॉगमध्ये वाचन तिथं थांबत नाही. मीखा या दुसऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकातली शेवटची तीन वचनं लगेच पुढे वाचली जातात. त्यांत देव माणसांची पापं समुद्राच्या तळाशी फेकून देतो. योनाला जिथं फेकलं होतं, तिथंच.